डोकं झाकायला सुरुवात करताना: पहिले चार आठवडे

सकाळी आरशासमोर स्कार्फ छानच बसतो. खरी परीक्षा दुपारी दोनला असते. तोवर दहा वेळा खाली वाकून झालेलं असतं, फोन कानाशी धरून झालेला असतो, कुणी मागून हाक मारली म्हणून झटकन मान वळवलेली असते, आणि कपडा हळूहळू सरकत टाळूच्या मागे पोचलेला असतो. डोकं झाकायचं मनावर घेतलेल्या नव्या मुली, बायका माझ्याशी बोलायला येतात तेव्हा त्यांनी व्हिडिओ भरपूर बघितलेले असतात, पण एकही स्कार्फ सलग आठ तास घातलेला नसतो. म्हणून हा लेख घालून बघण्याबद्दल आहे.

मी मुसलमान आहे आणि नऊ वर्षं हिजाब घालते. पहिल्या वर्षी मी अकरा स्कार्फ घेतले आणि त्यातले तीनच वापरले. बाकीचे हातात घेतले की सुंदर वाटायचे, डोक्यावर मात्र टिकायचे नाहीत. पुढे एका ज्यू मैत्रिणीने आणि एका शीख सहकारी बाईंनी मला जे शिकवलं, त्यातलं बरंच मी आज रोज वापरते. त्यामुळे इथे एकाच धर्माचं सांगणार नाही. श्रद्धा ज्याची त्याची वेगळी असते. कपडा घसरू नये म्हणून करायच्या युक्त्या मात्र सगळ्यांना लागू पडतात.

सुरुवातीलाच एक वही हाताशी ठेवा. रोज रात्री त्यात एकच गोष्ट लिहायची: आज हात पहिल्यांदा डोक्याकडे कितव्या तासाला गेला? सारखं करायला, खाजवायला, सैल करायला, कशालाही. पहिल्या दिवशी बहुधा अर्ध्या तासातच जाईल. ज्या दिवशी तो पाच-सहा तास जाणार नाही, त्या दिवशीचा कपडा आणि बांधणी दोन्ही लिहून ठेवा.

आधी काय झाकायचं ते ठरवा

हे न ठरवताच बऱ्याच जणी खरेदीला निघतात आणि पैसे वाया जातात. "डोकं झाकणं" हा शब्द एकच असला तरी प्रत्येक परंपरेत त्याची मर्यादा वेगळी आहे. कुराणाच्या 24व्या सूरेतल्या 31व्या आयतीत खिमार, म्हणजे डोक्यावरचा कपडा, छातीवर ओढून घ्यायला सांगितलं आहे. म्हणून आमच्याकडे केसांबरोबर मान आणि गळाही झाकला जातो आणि कपडा लांब लागतो. ऑर्थोडॉक्स ज्यू स्त्रिया लग्नानंतर केस झाकतात. तिथे भर केसांवर असल्यामुळे कपडा मागे बांधून मान मोकळी ठेवली तरी चालते. त्यांच्यातही काही समाजांत विग चालतो, काहींत नाही. ज्यू धर्मगुरू रब्बी ओवादिया योसेफ यांचा विगला स्पष्ट विरोध होता. बायबलमध्ये करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात प्रेषित पौल प्रार्थनेच्या वेळी स्त्रीने डोकं झाकण्याबद्दल लिहितो. त्यावरून काही ख्रिस्ती स्त्रिया फक्त उपासनेपुरतं झाकतात, तर आमिश आणि काही मेनोनाइट स्त्रिया दिवसभर टोपी घालतात. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या कायदासंहितेत स्त्रियांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असा नियम होता. 1983 च्या संहितेत तो उरला नाही, त्यामुळे आज मँटिला, म्हणजे जाळीची ओढणी, घेणारी स्त्री ती स्वतःच्या इच्छेने घेते. शिखांच्या आचारसंहितेत, म्हणजे रेहत मर्यादेत, पुरुषांना दस्तार (पगडी) आवश्यक आहे आणि स्त्रीने ती बांधायची की नाही हे तिच्यावर सोडलं आहे. प्राचीन रोमन लोक यज्ञ करताना टोगा या अंगावर गुंडाळायच्या वस्त्राचा काठ डोक्यावर ओढून घेत. रोमन देवतांना आज नव्याने मानणारे काही जण अजूनही पूजेच्या वेळी डोकं झाकतात.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तीन उत्तरं लिहा: किती झाकायचं, कोणासमोर, आणि कुठल्या वेळी. उत्तरं उद्या बदलली तरी चालतील. पण फक्त प्रार्थनेपुरतं झाकायचं असेल तर दिवसभर टिकणाऱ्या बांधणीचा खटाटोप तुम्हाला लागणारच नाही, आणि मान झाकायची असेल तर छोटे चौकोनी रुमाल घेऊन भागणार नाही.

इथेच एक गोष्ट मनापासून सांगते. बांधण्याची पद्धत जरूर उसनी घ्या, पण खूण उसनी घेऊ नका. शिखांची दस्तार हा त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे आणि नन्सच्या डोक्यावरचं वस्त्र त्यांच्या व्रताशी जोडलेलं असतं. "मला शोभतं का बघू" म्हणून ते जसंच्या तसं घालणं बरं दिसत नाही. पट्टीने घसरण थांबवायची, चुण्या घालून घडी बसवायची, हे मात्र कुणाकडूनही शिकावं.

कपडा

सुरुवातीला तीनच घ्या. पहिला सुती व्हॉइलचा चौकोनी रुमाल, साधारण 90 ते 100 सेंटीमीटरचा. दुसरा जर्सीचा, म्हणजे टीशर्टसारखा ताणला जाणारा, लांबट स्कार्फ. तिसरा व्हिस्कोस किंवा मोडालचा लांबट, 70 सेंटीमीटर रुंद आणि 180 लांब. शिफॉन, जॉर्जेट आणि सॅटिन पहिल्या महिन्यात नको. फोटोत तेच सगळ्यात देखणे दिसतात, पण गुळगुळीत धागा गुळगुळीत केसांवर थांबतच नाही. हात बसल्यावर ते घ्यायला पुढे आयुष्य आहे.

रुमाल घेताना एक हिशोब लक्षात ठेवा. 90 सेंटीमीटरचा चौकोन तिरपा दुमडला की लांब बाजू साधारण 127 सेंटीमीटर होते. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर बहुधा 55 ते 58 असतो. म्हणजे डोक्याभोवती गुंडाळून मागे गाठ मारायला पुरेसं टोक उरतं, पण दुसरा वेढा येत नाही. दुसरा वेढा हवा असेल, तर लांबट कपडाच लागतो.

रंग पहिल्या महिन्यात फिके किंवा साधे ठेवा. सवय नसताना गडद, मोठ्या नक्षीचा स्कार्फ घातला की लोक आधी तो बघतात आणि तुम्ही दिवसभर अवघडता.

खालचा थर

मला हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर आठ स्कार्फ वाचले असते. घसरतो तो कपडा नसतो, त्याखालचे केस घसरू देतात. म्हणून स्कार्फच्या आत काहीतरी पकड देणारं हवं. आमच्याकडे सुती किंवा जर्सीची आतली टोपी घालतात. माझ्या ज्यू मैत्रिणीने मला मखमली पट्टी दाखवली: साधी, दोन-तीन बोटं रुंद, आतून-बाहेरून मखमल असलेली, मागे सैल इलॅस्टिक. ती कपाळावर केस सुरू होतात तिथे घालायची आणि वरून कुठलाही रुमाल बांधायचा. मखमलीची लव दोन्ही बाजूंनी धरून ठेवते. मी ती पहिल्यांदा घातली त्या दिवशी वहीत लिहिलं होतं: "हात गेला – संध्याकाळी पाच वाजता, काढताना."

केस आधी बांधा. मानेजवळ सैल अंबाडा किंवा सैल वेणी पुरते. फार उंच अंबाडा घातला की कपडा त्यावरून मागे उतरत राहतो. आणि केस ओले असताना कधीच झाकू नका. सकाळी नहायची सवय असेल तर नहाणं रात्रीवर न्या. आत कोंडलेल्या ओलीने वास येतो, खाज सुटते, आणि दोष बिचाऱ्या स्कार्फला लागतो.

पहिला आठवडा: रुमाल, घरातल्या घरात

चौकोनी रुमाल तिरपा दुमडून त्रिकोण करा, लांब बाजू कपाळावर, टोक पाठीवर. दोन्ही कोपरे कानांमागून नेऊन मानगुटीवर, पाठीवरच्या टोकाच्या वरून, एकच गाठ मारा. मग पाठीवरचं टोक हलकं खाली ओढा, म्हणजे टाळूवरचा कपडा ताणून नीट बसेल. बांधणी एवढीच. हनुवटीखाली गाठ मारून बघा, तीही एक जुनी आणि साधी पद्धत आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बऱ्याच स्त्रिया असाच रुमाल बांधतात. पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, आठवड्याअखेर अर्धा दिवस. घरातली कामं करतानाच घाला: झाडू मारताना, वरच्या कप्प्यातलं काढताना, मूल कडेवर घेताना. कपडा कुठे फसतो ते अशाच कामांत कळतं.

दुसरा आठवडा: लांब स्कार्फ

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक जणी इथेच कंटाळून सोडून देतात.

आतली टोपी घाला. स्कार्फ डोक्यावर असा टाका की एक बाजू आखूड राहील, साधारण छातीपर्यंत, आणि दुसरी लांब. कपाळावरची कड भुवयांना समांतर आहे ना ते बघा. तिरकी असेल तर पुढचं सगळं तिरकं जातं. आता दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी कानशिलांपाशी कपडा किंचित आत दुमडा. ही बारीकशी चुणी चेहऱ्याच्या कडेला कपड्याचं फुगणं थांबवते. मग दोन्ही बाजू हनुवटीखाली एकत्र धरून एक सेफ्टी पिन लावा. पिन लावल्यावर तोंड उघडून जांभई द्या. जांभई देताना गळ्याला काच बसला तर पिन खूप वर लागली आहे, बोटभर खाली घ्या. जेवताना आणि बोलताना जबडा हलतो, त्याला जागा लागते. आता लांब बाजू गळ्यासमोरून पलीकडच्या खांद्यावर, मानेमागून फिरवून पुढे, आणि आखूड बाजूच्या वर सोडा. छाती झाकायची असेल तर शेवटचं टोक पसरून ठेवा. खांद्यावर दुसरी पिन हवी असल्यास लावा, नाही लावली तरी जर्सी टिकते.

हे सगळं जमेपर्यंत दोन भागांचा तयार हिजाब, ज्याला अल-अमीरा म्हणतात, हाताशी असू द्या: आत टोपी, वरून नळीसारखा शिवलेला कपडा, एकही पिन नाही. घाईच्या सकाळी तो घालण्यात काही कमीपणा नाही. मी आजही घालते.

पिनेबद्दल मात्र कडक सांगते. टाचणी ओठांत धरायची नाही. दोन्ही हात स्कार्फमध्ये गुंतलेले असतात म्हणून टाचण्या तोंडात धरायची सवय पटकन लागते. हसताना, खोकताना किंवा बोलता बोलता ती श्वासनलिकेत गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा नोंदल्या गेल्या आहेत. त्यात बहुतेक किशोरवयीन मुली आणि तरुण स्त्रिया आहेत. आरशाजवळ पिनांची छोटी उशी ठेवा, किंवा चुंबकी पिना वापरा. चुंबकी पिनांचं पथ्य एवढंच की ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी त्या लावू नयेत, आणि घरातल्या पेसमेकरवाल्या माणसाला मिठी मारताना छातीवर चुंबक नाही ना ते बघावं. किमान 15 सेंटीमीटर अंतर ठेवायला सांगतात. एमआरआय करायचा असेल तर सगळ्या पिना, चुंबक, धातूचे चिमटे आणि जरीचा कपडा घरीच ठेवा आणि साधा सुती रुमाल घेऊन जा.

तिसरा आठवडा: मागे बांधलेली बांधणी

मान मोकळी ठेवणाऱ्यांना ही सगळ्यात सोयीची. ज्यू स्त्रिया या कपड्याला टिखेल किंवा मिटपाहत म्हणतात. मखमली पट्टीवर लांबट कपड्याचा मध्य कपाळावर ठेवा, दोन्ही बाजू कानांवरून मागे न्या आणि अंबाड्याच्या खाली, मानेच्या खळग्यात, त्यांची अदलाबदल करून घट्ट ओढा. गाठ अजून मारायची नाही. टोकं पुन्हा पुढे आणा, टाळूच्या जरा पुढे एकमेकांवरून नेऊन परत मागे घ्या, आणि आता गाठ मारा. उरलेली टोकं पिळून अंबाड्याभोवती फिरवा आणि वेढ्याच्या आत खोचा.

गाठ कुठे बसते त्यावर पूर्ण दिवस ठरतो. ती कवटीच्या मागच्या उंचवट्याच्या खाली हवी. उंचवट्याच्या वर मारली तर कपडा वर सरकून निघतो. खाली मारली तर तो उंचवटाच कपड्याला धरून ठेवतो. बोटाने चाचपून बघा, जागा लगेच सापडेल.

शीख सहकारी बाईंकडून मी पूणी करायला शिकले ती याच आठवड्यात उपयोगी पडेल. दोघींनी कपड्याची दोन टोकं धरायची, आडवा ताणायचा, आणि लांबीच्या बाजूने सारख्या घड्या घालत अरुंद पट्टी करायची; हीच पूणी. त्यांच्या घरी रोज सकाळी त्यांची मुलगी दुसरं टोक धरते. मोठी दस्तार 5 मीटर किंवा त्याहून लांब असते, तिला हे लागतंच; पण आपल्या दोन मीटरच्या कपड्यालाही अशी पूणी केली की वेढे सुरकुतत नाहीत. दुसरं माणूस नसेल तर एक टोक दाराच्या कडीला बांधा.

चौथा आठवडा: तुमचं तुम्ही

एवढ्यात वही बऱ्यापैकी भरलेली असेल. ती वाचा आणि आवडलेल्या दोन बांधण्या बाहेर, कामावर, प्रवासात घालून बघा. मँटिला किंवा ओढणी नुसती डोक्यावर टाकणार असाल तर आतल्या बाजूला, टाळूजवळ, एक छोटा केसांचा चिमटा टाका-टाक्याने शिवून घ्या. प्रार्थनेत वाकताना ती चेहऱ्यावर येत नाही. पुरुषांनाही तेच लागू आहे: किप्पा, म्हणजे ज्यू पुरुषांची छोटी गोल टोपी, टाळूच्या मागे बसवून एक चिमटा लावला की वाऱ्यात उडत नाही.

डोकं दुखू लागलं तर

कपाळ किंवा कानशिलं बाहेरून सतत आवळली गेल्याने होणारी डोकेदुखी हा डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्रपणे नोंदलेला प्रकार आहे. कपडा काढल्यावर ती तासाभरात उतरते. माझी पहिल्या वर्षाची अर्धी डोकेदुखी हीच होती, आणि मी ती सोसत राहिले, कारण मला वाटायचं की हीच परीक्षा आहे. तसं काहीही नाही. कपड्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. संध्याकाळी कपाळावर लाल रेघ दिसली तर उद्या सैल बांधा.

दुसरी काळजी केसांची. कपाळाच्या कडेचे केस रोज मागे ओढले गेले की ते विरळ होऊ लागतात. म्हणून बांधणीची जागा आठवडाभरात बदलत राहा: एक दिवस गाठ मागे, एक दिवस बाजूला, एक दिवस फक्त टोपी. कापूस केसांना घासतो, तेव्हा केस कोरडे असतील तर आतल्या टोपीला सॅटिनचं अस्तर लावा. ते घसरेल असं वाटतं, पण वर मखमली पट्टी असली की घसरत नाही. घरी, झाकायची गरज नसताना, डोकं मोकळं ठेवा आणि टाळूला हवा लागू द्या.

बाहेर पडल्यावर

हेल्मेटखाली फक्त पातळ टोपी. गाठ, पिन, अंबाडा यातलं काहीही हेल्मेटच्या आत नको, नाहीतर ते डोक्याला चपखल बसत नाही. पोचल्यावर वरचा स्कार्फ घाला. दुचाकीवर आणि यंत्राजवळ एकही टोक मोकळं सोडायचं नाही. नर्तकी इसाडोरा डंकन 1927 मध्ये गळ्यातला लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकून गेली. तो धोका आजही तेवढाच आहे. गाडी चालवण्याआधी बसल्या जागी दोन्ही बाजूंना बघा. स्कार्फची कड डोळ्याच्या कोपऱ्यात येत असेल तर ती कानामागे घ्या.

चष्म्याच्या काड्या आतल्या टोपीच्या बाहेर आणि स्कार्फच्या आत ठेवा. श्रवणयंत्र असेल तर कानावर जर्सीचा एकच थर ठेवा, नाहीतर कपडा घासल्याचा आवाज दिवसभर ऐकू येतो. पासपोर्टच्या फोटोत बहुतेक देशांत धार्मिक कारणाने झाकलेलं डोकं चालतं, पण हनुवटीपासून कपाळापर्यंत पूर्ण चेहरा दिसला पाहिजे आणि कपड्याची सावली पडता कामा नये. त्या दिवशी फिका, मागे घट्ट बसणारा स्कार्फ घाला. विमानतळावर तपासणीसाठी थांबवलं तर स्त्री कर्मचारी आणि आडोसा मागा, शांतपणे मागा. खेळताना पिन नको, ताणणारी खेळाची टोपी घ्या. फुटबॉलमध्ये 2014 पासून आणि फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बास्केटबॉलमध्ये 2017 पासून डोकं झाकून खेळायला परवानगी आहे.

लोक

कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशी एका वाक्यात सांगून ठेवा: "उद्यापासून मी डोकं झाकून येणार आहे, माझ्या श्रद्धेचा भाग म्हणून." मोठं स्पष्टीकरण दिलंत की प्रश्नही मोठे येतात. "आता कायमचं का?" असं कुणी विचारलं तर "सध्या घालून बघतेय" हे पूर्ण उत्तर आहे. घरच्यांचं जरा वेगळं. आईला किंवा नवऱ्याला एखाद्या दिवशी दुसरं टोक धरायला सांगा, पूणी करताना. माझ्या आईने हिजाबबद्दल सहा महिने काहीही विचारलं नव्हतं. तिने पहिल्यांदा तोंड उघडलं ते कपड्याचं टोक हातात असताना.

आणि एखाद्या दिवशी नाही घालावंसं वाटलं तर? मला अशा दिवसाची फार लाज वाटायची. आज माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी सांगते की त्या दिवशीही वही लिही. का नको वाटलं? बांधणी त्रास देत होती, की कुणी काही बोललं होतं, की श्रद्धेतलंच काही अजून ठरायचं आहे? बांधणीचा त्रास असेल तर तो कपड्याने सुटेल. बोलण्याचा असेल तर एखाद्या जवळच्या माणसाशी बोलून हलका होईल. तिसऱ्या प्रश्नासाठी तुमच्या परंपरेतल्या जाणत्या व्यक्तीकडे जा, आणि तिथे घाई करू नका.

महिना संपताना धुण्याच्या दोरीकडे बघा. जे स्कार्फ पुन्हा पुन्हा तिथे वाळत पडलेले दिसले ते तुमचे. त्याच कापडाचे आणखी दोन घ्या, वेगळ्या रंगात. जे महिनाभर घडीतच राहिले ते इस्त्री करून सुरुवात करणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्या, मखमली पट्टीसकट.